भुईकाट्यावरचं घड्याळ साडेपाच तास पुढं: सेल बदलूनही वेळ परत परत का चुकते

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात होते, तेव्हा एका अडत दुकानातून फोन आला. "दादा, काट्याचं घड्याळ परत बिघडलंय. मागच्या महिन्यात तुम्हीच सेल घातला होता की."

सेल मीच घातला होता, आणि जुना सेल न मापता घातला होता. कॉम्प्युटरची वेळ चुकली की मदरबोर्डवरचा बटणसेल बदलायचा, ही आमच्या कामातली जुनी सवय. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. इथं भागलं नाही. चार दिवस सगळं सुरळीत, पाचव्या दिवशी परत तेच. हाच घोळ सांगली-मिरजेत आणखी काही ठिकाणी पाहिला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आदेशांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनं करा.

आधी लक्षण. भुईकाट्याशेजारच्या केबिनमध्ये एक छोटा पीसी. वजनाच्या इंडिकेटरमधून सीरियल केबलनं आकडा येतो, लिनक्सवर (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) चालणारा प्रोग्रॅम तो वाचतो आणि पावती छापतो. भरलेल्या ट्रॉलीची एक पावती, माल उतरवल्यावर रिकाम्या ट्रॉलीची दुसरी, आणि वजाबाकी म्हणजे मालाचं वजन. त्या दिवशी पहिल्या पावतीवर वेळ होती दुपारी २:५५, दुसरीवर सकाळी ९:५०. प्रोग्रॅमनं वजाबाकी करायला नकार दिला, कारण त्याच्या हिशेबी रिकामी ट्रॉली भरलेल्या ट्रॉलीच्या आधी आली होती. ट्रॉलीचे मालक शेतकरी काका दोन्ही पावत्या हातात धरून विचारत होते, "माल उतरायच्या आधीच माझी ट्रॉली रिकामी कशी झाली?" आठ-नऊ महिने रानात जपलेलं पीक आणलेल्या माणसाला पडलेला हा प्रश्न अगदी रास्त आहे. एकदा वेळेवरचा विश्वास उडाला की पुढचा संशय वजनावर येतो.

दुसरं लक्षण काट्यावरच्या पोरानं सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. "सकाळी एकदा काटा अडकतो. वजन दिसतं, पण पावतीचं बटण उघडत नाही. गाडी खाली घेऊन परत चढवली की होतं." हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तक्रार म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. खरी गाठ तिथंच सुटली. पण ते पुढं.

वेळ दुरुस्त करायची घाई करू नका

बिघडलेल्या घड्याळासमोर बसलं की हात आपोआप वेळ दुरुस्त करायला जातो. तो आवरा. वेळ बदलली की पुरावा गेला. आधी इंटरनेटची वायर काढा, मग कॉम्प्युटर चालू करा, आणि 'टाइमडेटसीटीएल' हा आदेश देऊन जे दिसेल ते कागदावर उतरवून घ्या. त्या सकाळी मला हे दिसलं:

मोबाइलवरची वेळ ९:०४.
लोकल टाइम १४:३४.
युनिव्हर्सल टाइम (ग्रिनिचची वेळ) ९:०४.
आरटीसी टाइम (मदरबोर्डवरच्या घड्याळाची वेळ) ९:०४.

निदान या चार ओळींतच आहे. चूक बरोबर साडेपाच तासांची, मिनिटाचाही फरक नाही. सेल उतरलेला असता तर तारीख कित्येक वर्षं मागं गेली असती, किंवा फरक असा नेमका आला नसता. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या वेळेपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढं आहे, म्हणजे इथं कुणीतरी आपली वेळ ग्रिनिचची समजून त्यात साडेपाच तास मिळवले होते. ते लिनक्सनं केलं होतं. आणि लिनक्सच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

आत घड्याळं दोन असतात

पहिलं घड्याळ मदरबोर्डवरचं, आरटीसी. मशिन बंद असतानाही चालतं ते हेच. त्याच्या स्फटिकाची कंपनं सेकंदाला ३२,७६८. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळं पंधरा वेळा निम्मं केलं की नेमकं एक सेकंद हाती येतं. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये यासाठी मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप होती. आजच्या पीसीत ती सुटी चिप नाही, ते काम चिपसेटच करतो, पण रजिस्टरांची, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांची, मांडणी अजून तिच्याच वळणाची आहे. लिनक्सचा 'आरटीसी सीमॉस' ड्रायव्हर (चिपशी बोलणारा प्रोग्रॅम) हीच रजिस्टरं वाचतो: सेकंद, मिनिट, तास, दिवस, महिना, आणि दोन आकडी वर्ष.

ही यादी परत वाचा. वेळ कुठली, भारतातली की ग्रिनिचची, हे लिहायला तिच्यात जागाच नाही. चिप नुसते आकडे सांभाळते, त्यांचा अर्थ वाचणाऱ्यानं लावायचा. लिनक्स तो आकडा ग्रिनिचची वेळ समजतं. विंडोज तोच आकडा स्थानिक वेळ समजतं. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि चिप एकच.

हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. तो मला फार आवडतो. चिप सेकंदाला एकदा आपली रजिस्टरं बदलते. नेमक्या त्या क्षणी कुणी वाचलं तर ९:५९:५९ वरून १०:००:०० होताना तास जुना आणि मिनिट नवं, असा आकडा हाती येईल आणि घड्याळ थेट तासभर मागं जाईल. म्हणून 'बदल चालू आहे' असं सांगणारा एक बिट चिपमध्ये ठेवलेला असतो. ड्रायव्हर तो बघतो, थांबतो, आणि मग वाचतो.

दुसरं घड्याळ कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, स्वतःचं. मशिन चालू होताना कर्नल आरटीसी एकदाच वाचतं आणि नंतर वेळेसाठी तिच्याकडं बघत नाही. तिथून पुढं ते प्रोसेसरमधला किंवा चिपसेटमधला एखादा वेगानं पळणारा काउंटर मोजतं. मागच्या वेळेपासून काउंटर किती पुढं गेला, त्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, नॅनोसेकंद काढायचे आणि वेळेत मिळवायचे. पडद्यावर दिसणारी वेळ ती ही. बिघाड शोधताना कुठलं घड्याळ चुकतंय हे आधी ठरवलं नाही, तर दुसऱ्याच घड्याळावर औषधपाणी करत बसाल. मी महिनाभर तेच केलं.

परत परत का होत होतं

आरटीसीत स्थानिक वेळ कोण लिहीत होतं हे शोधायला दिवाणजींशी बोलावं लागलं. त्याच पीसीवर विंडोजही होतं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी. दिवाणजी आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी मशिन विंडोजमध्ये चालू करून बिलं करत. विंडोज उघडलं की वेळ साडेपाच तास मागं दिसे, कारण लिनक्सनं आरटीसीत ग्रिनिचची वेळ ठेवलेली. बिलावर चुकीची वेळ नको म्हणून ते हातानं दुरुस्त करत. त्यात त्यांची चूक काहीच नाही, समोर चुकीची वेळ दिसली तर कुणीही तेच करील. विंडोज ती वेळ आरटीसीत लिहून टाकी. दुसऱ्या दिवशी सकाळी लिनक्स तोच आकडा ग्रिनिचचा समजून वाचे, आणि काट्यावर नऊ वाजता अडीच वाजत.

पुढं थोड्या वेळानं नेट येई. वेळ जुळवणारी सेवा सर्व्हरला विचारी आणि घड्याळ एका झटक्यात साडेपाच तास मागं खेची. त्यानंतर दिवसभर सगळं बरोबर. शिवाय कर्नल आरटीसीही दुरुस्त करून ठेवी: नेटवरून वेळ जुळलेली असेल तर लिनक्सचं कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी ती आरटीसीत लिहितं. म्हणून दुपारी मी पोचेपर्यंत मशिन निर्दोष दिसे, आणि पुढचे दिवसही बरे जात, दिवाणजी पुन्हा बिलांना बसेपर्यंत. जुन्या पावत्या तारखेनं लावून बघितल्या. प्रत्येक चुकीच्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी बिलं झालेली होती.

या ११ मिनिटांच्या गोष्टीत एक अट लपलेली आहे. वेळ नेटवरून जुळलेली असेल तरच कर्नल आरटीसीत लिहितं. नेट नसताना तुम्ही 'डेट' आदेशानं वेळ बदलली तर फक्त दुसरं घड्याळ बदलतं. वीज गेली की तो बदल गेला. हातानं बदललीच तर 'एचडब्ल्यूक्लॉक' आदेश 'सिसटोएचसी' पर्यायासह द्या, म्हणजे ती पहिल्या घड्याळातही उतरेल.

इलाज

दोघांना एका मतावर आणायचं. दोन वाटा आहेत. लिनक्सला 'सेट-लोकल-आरटीसी' सांगून स्थानिक वेळ मानायला लावता येतं, किंवा विंडोजला ग्रिनिचची वेळ मानायला लावता येतं. मी दुसरी वाट धरतो. उद्या कुणी पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू केलं किंवा मशिन नव्यानं लोड केलं, तर तेही ग्रिनिचचीच वेळ धरून चालणार. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या नोंदवहीत) करंट कंट्रोल सेटखाली कंट्रोलमध्ये 'टाइमझोनइन्फर्मेशन' ही की आहे. तिथं 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड नोंद करून किंमत १ द्यायची. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. रिस्टार्ट करा, विंडोजमध्ये वेळ एकदा बरोबर लावा, मग लिनक्समध्ये येऊन नेट न जोडता परत तपासा. दोन्हीकडं मोबाइलशी जुळली पाहिजे.

वेळ नेटवरून घेण्यासाठी मी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर लावतो, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम याच प्रयोगशाळेचं. आणि काट्यासारख्या जागी 'सिस्टिमडी टाइमसिंकडी' ऐवजी 'क्रोनी'. दोन्ही नेटवरून वेळ जुळवणाऱ्या लिनक्सच्या सेवा. टाइमसिंकडी फरक ०.४ सेकंदाहून जास्त दिसला की कधीही घड्याळ उडवतं. क्रोनीत 'मेकस्टेप १ ३' असं लिहिलं की पहिल्या तीन जुळवण्यांतच उडी मारायची मुभा राहते, पुढं ते घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून फरक भरून काढतं. पावत्या छापणाऱ्या मशिनवर भर दुपारी वेळ मागं उडालेली मला चालत नाही. 'आरटीसीसिंक' ही ओळ मात्र क्रोनीच्या फाइलमध्ये आहे ना ते बघा, नाहीतर ते ११ मिनिटांचं लिहिणं होणार नाही.

काटा का अडकत होता

आता ते "गाडी खाली घेऊन परत चढवली की होतं". वजनाचा आकडा तीन सेकंद न हलता राहिला तरच पावतीचं बटण उघडायचं, असा प्रोग्रॅमचा नियम. नियम चांगला आहे, गाडी डुलत असताना वजन घेऊ नये. पण ते तीन सेकंद प्रोग्रॅम भिंतीवरच्या घड्याळानं, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या वेळेनं, मोजत होता. आकडा १५:१०:२० ला स्थिर झाला अशी नोंद केली, आणि त्याच क्षणी नेट येऊन घड्याळ ९:४०:२१ वर आलं. आता ९:४०:२१ वजा १५:१०:२० म्हणजे उणे साडेपाच तास. तीन सेकंद पुरे व्हायला साडेपाच तास लागणार. गाडी खाली घेतली की आकडा हलतो, 'स्थिर कधी झाला' ही नोंद नव्यानं होते आणि काम सुरू होतं.

कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहिणारे ही चूक टाळतात, कारण तिथला शिरस्ताच तसा आहे. सीरियल पोर्टवर उत्तर किती वेळ बघायचं, डिस्क परत कधी विचारायची, हे सगळं ते जिफी किंवा मोनोटॉनिक घड्याळावर मोजतात. कुणी तारीख बदलली तरी ही घड्याळं मागं जात नाहीत. जिफी हा मोजणीचा आकडा ३२ बिटांच्या मशिनवर कधीतरी भरून शून्यावर येतो आणि तिथं चुका होतात. त्या चुका कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उघड होण्यापेक्षा लगेच कळाव्यात म्हणून लिनक्समध्ये तो आकडा सुरुवातीलाच असा ठेवलाय की मशिन चालू झाल्यावर पाच मिनिटांत भरतो. चूक असेल तर ती लिहिणाऱ्याच्या टेबलावरच दिसावी, गिऱ्हाइकाच्या काट्यावर नको. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

आपल्या प्रोग्रॅमांनाही तोच नियम लावा. "किती वाजले" हवं असेल तर भिंतीवरचं घड्याळ, "किती वेळ झाला" हवं असेल तर मोनोटॉनिक. हा प्रोग्रॅम पायथनमध्ये होता. 'टाइम डॉट टाइम' होतं तिथं 'टाइम डॉट मोनोटॉनिक' केलं, दोन ओळींचं काम. सोबत दोन बदल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून करून घेतले. पहिला, भरलेली आणि रिकामी गाडी यांची जोडी पावतीच्या अनुक्रमांकावर लावायची, वेळेवर नाही. दुसरा, नेटवरून वेळ अजून जुळलेली नसेल तर पावतीवर 'वेळ तपासलेली नाही' असं छापायचं. नेट येईपर्यंत काटाच बंद ठेवा, असंही एकानं सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, वजन थांबता कामा नये.

चूक साडेपाच तासांची नसेल तर

तारीख कित्येक वर्षं मागं गेली असेल तर मात्र सेलच बघा, पण मापून. सीआर२०३२ नवा असताना ३ व्होल्टच्या जरा वर असतो. २.७ च्या खाली आला की मी बदलतो. प्लग लावलेला असतो तोवर आरटीसी सप्लायच्या स्टँडबाय विजेवर चालते आणि सेल फारसा खर्च होत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा चमकायला लागल्या की लोक रोज संध्याकाळी सगळे प्लग काढून ठेवतात. ते बरोबरच आहे, पण मग रात्रभर सगळा भार सेलवर येतो आणि अर्धमेला सेल त्याच दिवसांत मान टाकतो. अशा वेळी तक्रार बहुधा घड्याळाची येत नाही, "नेट चालत नाही" अशी येते. मशिनच्या मते साल जुनं असतं, त्यामुळं वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि ब्राउझर पान उघडत नाही.

घड्याळ रोज काही मिनिटं मागं पडत असेल तर थोडं गणित करा. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखात वीसच्या आसपास धरतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. उन्हाळ्याचं बघायचं तर ३२,७६८ चा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. पत्र्याच्या केबिनमध्ये ४५ अंश झाले तर तो आणखी साधारण सव्वा सेकंदानं मागं पडेल. म्हणजे उन्हाचा दोष सेकंदांत मोजायचा, मिनिटांत नाही.

पलूसकडच्या एका दूध संकलन केंद्रात मशिन चालू असताना दिवसाला चार मिनिटं मागं पडायचं. नेट बंद ठेवून तासाभरानं 'एचडब्ल्यूक्लॉक'नं आरटीसी वाचली, ती मोबाइलशी जुळत होती. कर्नलचं घड्याळ दहा सेकंद मागं. म्हणजे पहिलं घड्याळ बरोबर, दुसरं चुकीचं, आणि सेलशी काही संबंध नाही. दोष काउंटरच्या वेगात होता. प्रोसेसरमधला टीएससी काउंटर सेकंदाला नेमका किती पळतो हे कर्नलला चालू होताना मोजावं किंवा गृहीत धरावं लागतं. तो आकडा जरा चुकला की घड्याळ सतत त्याच प्रमाणात चुकत राहतं. चार मिनिटं म्हणजे दहा लाखात सुमारे २,८००, आणि कर्नलची नेहमीची वेग-दुरुस्ती दहा लाखात ५०० पर्यंतच, दिवसाला ४३ सेकंद. म्हणून तिथं टाइमसिंकडी घड्याळ पुन्हा पुन्हा उडवत बसायचं.

कुठला काउंटर चालू आहे ते 'सिस' फोल्डरमध्ये 'करंट अंडरस्कोर क्लॉकसोर्स' या फाइलमध्ये दिसतं. 'डीमेसेज'मध्येही (कर्नलच्या नोंदींत) बघा. टीएससी अस्थिर आहे अशी नोंद असेल तर कर्नलनंच ती चूक पकडलेली असते, ते टीएससीची तुलना दुसऱ्या काउंटरशी दर अर्ध्या सेकंदाला करत असतं. पलूसला नोंद नव्हती, तरी त्या फाइलमध्ये 'एचपीईटी' (चिपसेटमधला दुसरा काउंटर) लिहून बघितलं. रिस्टार्ट लागत नाही, काउंटर चालू मशिनवर बदलतो. तासाभरात फरक शून्य. मग बूटच्या ओळीत 'क्लॉकसोर्स', पुढं बरोबरचं चिन्ह आणि 'एचपीईटी' असं कायमचं घातलं. एचपीईटी वाचायला टीएससीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, पण दुधाच्या फॅटच्या पावत्या छापणाऱ्या मशिनला तो कळणारही नाही. आधी बायोस आणि कर्नल अपडेट करून बघायला हरकत नाही, काही मशिनांवर तेवढ्यानंच सुटतं.

राहिला रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. तासगावकडं बेदाण्याच्या शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता नोंदवायला तो लावलेले बरेच जण विचारतात की वीज गेल्यावर नोंदी मागच्याच तासाला कशा परत सुरू होतात. पाय ४ पर्यंत बोर्डावर आरटीसीच नाही. शेवटची जी वेळ फाइलमध्ये ठेवलेली असेल तिथूनच तो पुढं मोजतो, मधला वेळ त्याच्या लेखी झालाच नाही. पाय ५ मध्ये आरटीसी आहे, पण तिची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. जुन्यावर डीएस३२३१ या आरटीसी चिपचं मॉड्यूल लावा. तापमानाप्रमाणं ते स्वतःला सुधारतं, ० ते ४० अंशांत दहा लाखात दोनपेक्षा जास्त चुकत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये 'आयटूसी-आरटीसी' ओव्हरले आणि चिपचं नाव घातलं की कर्नलचा ड्रायव्हर तिला ओळखतो. बाजारात मिळणाऱ्या काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि सोबत साधा सीआर२०३२ घातलेला असतो. तो चार्ज करायचा सेल नाही. ५ व्होल्टची वायर दिली तर तो फुगू शकतो, म्हणून मॉड्यूलला पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच वीज द्या.